वळून बघणारीचा निरोप

हिलारिया तार्की रेडिओवर बोलली म्हणजे ती गोष्ट झालेलीच असते, हे आमच्या चियारपाता गावात लामा-मेंढ्यांनासुद्धा ठाऊक होतं. रोज पहाटे, चुलीला जाळ लागायच्या वेळेला तिचा निरोपांचा तास सुरू व्हायचा. "खिंडीपलीकडच्या लुसियो पातींना निरोप. तुमची सून ला पाझच्या दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगी आहे. येताना लोकर आणा." असा निरोप ती दोनदा वाचायची, कारण आमच्या पठारावर पहिल्या वेळचा निम्मा वाराच खातो. आणि शेवटी म्हणायची, "ज्यानं ऐकलं त्यानं पोचवावं." मग लुसियोकडं रेडिओ नसला तरी अडत नसे. सगळी वाडी धापा टाकत त्याच्या दारात.

बाई शिकलेली म्हणावी तर तसंही नाही. पोरवयात ला पाझला एका वकिलाकडं भांडी घासायला होती. वकिलाची आई कानानं फार जड. तिनंच हिला अक्षरं शिकवली आणि वर्तमानपत्र वाचून घ्यायला लागली, चुकलं की काठीनं डिवचायची. तेव्हापासून सावकाश आणि ठासून वाचायची जी सवय लागली ती कायमची. लग्न करून गावी आली, चीज विकायला रेडिओ केंद्राच्या फाटकाशी बसू लागली. एका सणाच्या सकाळी निरोप वाचणारा गडी पिऊन आडवा झाला, तेव्हा केंद्र चालवणारा सेनोबियो लारुता मास्तर हातात कागद घेऊन फाटकापर्यंत पळत आला. "बायांनो, कुणाला वाचता येतं का गं?" हिलारियानं चीजवर फडकं टाकलं आणि आत गेली. चीज नंतर नणंदेनंच विकलं, हिलारिया काही बाहेर आली नाही.

गारपिटीचा इशारा, लसीचा दिवस, कोण वारलं, कोण परदेशातून आलं, कुणाचा बैल सापडला, सगळं तिच्या तोंडून. त्यामुळं ती जिभेला फार जपायची. शेजारपाजारच्या कुचाळक्यांतसुद्धा बसायची नाही. "माझ्या तोंडची अफवासुद्धा निरोप होते गं," म्हणायची आणि उठून जायची. बायका मागून म्हणायच्या, "बघा, बिशपबाई निघाल्या!"

आता सेनोबियो मास्तर. शाळेतून निवृत्त झालेला, डोक्यात सतत काहीतरी शिजत असलेला माणूस. त्याला नाटक करायचं होतं, आणि साधंसुधं नाही, काळाच्या मागंपुढं उड्या मारणारं. विषय त्याला चर्चच्या भिंतीवर आयता मिळाला.

आमच्या चर्चमध्ये अखेरच्या न्यायाचं थोरलं जुनं चित्र आहे. डावीकडं पुण्यवान, उजवीकडं पापी, आणि पाप्यांना गिळायला जबडा वासून बसलेला राक्षस. पापी किंचाळतायत, केस उपटतायत. त्यांच्यात एकच बाई गप्प आहे. अंगावर विटकी शाल, एक पाय जबड्याच्या आत, आणि मान वळवून ती सरळ तुमच्याकडं बघते. कुठंही उभे राहा, तुमच्याकडंच. ती कोण, कुणी काढली, कुणाला माहीत नाही. आम्ही तिला वळून बघणारी म्हणतो. तान्ही पोरं घेतलेल्या बाया तिच्या पुढून जाताना पोराच्या तोंडावर शाल ओढतात, आणि अगदी धटिंगण बापयेसुद्धा मिशीला हात लावून पटकन सटकतात.

मास्तरच्या नाटकात आजची एक शाळामास्तरीण होती. चर्चची घंटा उलटी वाजली की ती जुन्या काळात पडायची. मास्तर लामाच्या खुरांची माळ खुळखुळवायचा, की समजायचं, बाई निघाल्या काळाच्या पलीकडं. कधी खाणीच्या काळात, कधी मोठ्या दुष्काळात, कधी चित्रकार भिंतीपुढं उभा आहे त्या दिवसात. सगळीकडं तिला तीच विटक्या शालीची बाई भेटायची. मास्तरीण नाव विचारायला तोंड उघडायची आणि घंटा वाजायची. गाव वेडं झालं होतं. संध्याकाळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसे. वळून बघणारीचा आवाज अर्थातच हिलारियाचा. तिला पहिल्यापासून ते आवडलं नव्हतं, पण मास्तरनं सांगितलं आणि तिनं केलं. सवाल आला तो पुढं.

संतांचा सण, मेलेल्यांना ताट मांडून घरी बोलवायचा, तोंडावर आला होता. मास्तर एका सकाळी उड्या मारतच आला. मानानं बोलायचं तेव्हा तो तिला दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा. "दोन्या हिलारिया, सुचलं! ती बाई काळाची भिंत फोडून थेट आपल्या काळात येते. कुठं? तुमच्या निरोपांच्या तासात! मध्येच! लोकांच्या अंगावर काटा आला पाहिजे!"

"निरोपात खोटं?" हिलारिया म्हणाली. "मास्तर, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"खोटं कसलं? नाटक आहे. शेवटी माळ वाजवतो की मी. लोक काय खुळे आहेत?"

"माळ वाजेपर्यंत?"

"तुम्ही म्हणजे ना, उकळत्या चहात बर्फ!" मास्तर रुसला. आणि मास्तर रुसला की सगळं केंद्र रुसायचं. शेवटी हिलारियानं कागद हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, एका बैलाच्या आणि एका बारशाच्या निरोपानंतर, तिनं त्याच सावकाश, ठासलेल्या आवाजात वाचलं: "खिंडीपलीकडं राहणाऱ्या माझ्या बापाला निरोप. बाबा, मी तुमची मुलगी. मला फार थंडी वाजते, अंगावर धड शाल नाही. माझ्या नावानं अजून कुणी ताट मांडलेलं नाही. संतांच्या दिवशी दुपारी चियारपाताच्या चर्चच्या दारात मला घ्यायला या." सवयीनं तिनं ते दोनदा वाचलं. सवयीनंच पुढं म्हणाली, "ज्यानं ऐकलं त्यानं पोचवावं." मग मास्तरची माळ वाजली, बारीक, वाळूवर पाणी ओतल्यासारखी. त्या दिवशी वारा होता.

गावात वाहवा झाली. काटा आला म्हणे सगळ्यांना. हिलारियाला मात्र घास गिळवेना.

चार-सहा दिवसांनी ती सणाचे पाव भाजायला पास्कुआलाच्या भट्टीवर गेली. मेलेल्याच्या नावानं आम्ही तीन वर्षं ताट मांडतो. त्यात त्याच्या आवडीचं जेवण, खाली उतरायला पावाची शिडी, काठी म्हणून ऊस, आणि खुद्द त्याची पावाची बाहुली, तिला तोंडाच्या जागी रंगवलेला मातीचा चेहरा. हिलारियाचं नवऱ्यासाठी यंदा दुसरं वर्ष. पास्कुआला पहाटेपासून भट्टीशी, रेडिओ तिच्या कानावर येतो तो लोकांच्याच तोंडून. हिलारिया ओळीत उभी असताना ती फावड्यानं पाव सरकवत म्हणाली, "तुझ्या निरोपानं एक म्हातारा सुटला बघ, मावशी."

"कुठल्या निरोपानं?"

"तो मेलितोन कायिसाया, खिंडीपलीकडचा. त्याची बेनिता नाही का, ब्राझीलला शिवणकामाला गेली ती गेलीच. ना चिठ्ठी, ना फोन. जिवंत की मेली, कळेना, म्हणून बिचारा ताटही मांडू शकत नव्हता. जित्याच्या नावानं ताट मांडलं तर आपणच त्याला मारल्यासारखं. आता तुझ्या निरोपात पोरगी स्वतःच बोलली, तेव्हा मोकळा झाला. काल बाहुली भाजून नेली. मुलीचा चेहरा घेतला, गुलाबी गालांचा. रडत होता, पण बरं वाटत होतं त्याला."

हिलारियाच्या हातातली परात खाली पडली. पीठ सगळं राखेत.

"अगं ते नाटक होतं!"

पास्कुआलानं फावडं भट्टीबाहेर ओढलं. "मग त्याला सांगितलं का नाहीस?"

तिथून हिलारिया जी निघाली ती थेट केंद्रात. मास्तर ऐकून आधी चक्क फुशारला. "म्हणजे इतकं खरं वाटलं?" मग तिच्या तोंडाकडं बघून त्याचा चेहरा उतरला. "हे बघा, आता कबूल केलं तर उद्या आपल्या गारपिटीवर कोण विश्वास ठेवेल? सण होऊ दे. मग बघू."

"सण झाल्यावर काय बघता, डोंबल? त्या दुपारी म्हातारा जित्या पोरीला मेल्यांत घालेल!"

"जिवंत आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आणि मेली हे कुणी सांगितलं? मी! माझ्या तोंडानं!"

दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तरला न विचारता तिनं वाचलं. "खिंडीपलीकडच्या ताता मेलितोन कायिसायांना निरोप. त्या दिवशीचा मुलीचा निरोप नाटकातला होता. खरा नव्हता. ताट मांडू नका." दोनदा नाही, चारदा वाचलं. त्याच्या पुढच्या दिवशी परत, आणि तिसऱ्या दिवशी परत. त्याची किंमत लगेच वसूल झाली. बाजारात एकीनं विचारलं, "मावशी, परवाची लस नाटकातली की खरी?" दुसरी म्हणाली, "माझ्या जावयाचा निरोप सांगितलास, तो तरी आहे ना जिवंत?" बाया फिदीफिदी हसल्या. हिलारियानं मान खाली घालून कांदे घेतले.

पण जीव त्यात नव्हता. म्हाताऱ्यापर्यंत पोचलं का? ज्याला त्याला विचारत सुटली. खिंडीपलीकडून एक लोकरवाला आला, त्याला गाठलं. तो म्हणाला, "पोचवायला गेलो असतो गं, पण सणाच्या आधी खिंडीतून कोण उलटं जाणार? आणि त्याचा रेडिओ बंद आहे. सुतक धरलंय म्हाताऱ्यानं."

आता काय बोलणार! सुतकाच्या घरात रेडिओ लावत नाहीत, हे काय तिला माहीत नव्हतं? नवरा गेला तेव्हा तिनं स्वतः काळ्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. तिच्या निरोपानंच त्या घराचा कान बंद केला होता. चार काय, चाळीसदा वाचलं असतं तरी ते वाऱ्यालाच. त्या आठवड्यात तिनं काय खाल्लं, काय प्यायलं, तिला विचारा तर सांगता यायचं नाही. कोकाची पानं चघळून चघळून गाल सोलला.

संतांचा दिवस उजाडला. घरात नवऱ्याचं ताट मांडून झालं होतं: मटणाचा रस्सा, सुकवलेल्या बटाट्याचं कालवण, त्याच्या आवडीच्या काळ्या सिगारेटी. दुपारची घंटा झाली की आत्मे येतात, आणि दारात घरची बाई उभी पाहिजे. हिलारिया मात्र डोक्यावर टोपी ठेवून बाहेर निघाली.

"कुठं?" नणंद फेर्मिना दारातच आडवी झाली.

"चर्चला. म्हातारा येईल."

"आणि माझा भाऊ येईल त्याचं काय? वर्षातून एकदा येतो गं तो! बायको कुठाय म्हणाला तर काय सांगू? रेडिओवर आहे?"

"सांग, निस्तरायला गेलीय. त्याला कळेल. त्याचं आयुष्य माझं निस्तरण्यात गेलंय."

फेर्मिना बडबडत बाजूला झाली. "जा बाई जा. तो जिवंत होता तेव्हा त्यालाही तुला थांबवता आलं नाही, आता मी काय थांबवणार."

चर्चपुढचं अंगण रिकामं होतं. सगळं गाव आपापल्या ताटाशी. फक्त वर घंटेच्या खाली चर्चचा राखणदार दोरी हातात घेऊन उन्हाकडं बघत बसला होता, आणि खाली दारात, उंबऱ्याला लागून, मेलितोन कायिसाया गुडघ्यावर बसला होता.

बारकासा, वाळलेला म्हातारा. पायात टायरच्या चपला, पायांना चिखल. काळं फडकं अंथरून त्यावर तो एकेक वस्तू मांडत होता. पावाची शिडी. ऊस. उकडलेली रताळी, बहुधा तिला आवडत असतील. एक जाड हिरवी शाल, घडी न मोडलेली, आणि एक बायकी टोपी. मध्ये बाहुली, गुलाबी गालांची. दार उघडं होतं, आत भिंतीवर वळून बघणारी दिसत होती.

"ताता," हिलारिया म्हणाली.

त्या एका शब्दासरशी म्हाताऱ्यानं वर पाहिलं. "तूच ती. तुझाच आवाज." आणि त्यानं टोपी काढली. "देव तुझं भलं करो पोरी. तू निरोप पोचवलास."

तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. ती त्याच्यासमोर मातीतच बसली. "ताता, तो निरोप बेनिताचा नव्हता. नाटक होतं. कागदावर लिहिलेलं. मी वाचलं. तुमच्या मुलीबद्दल मला काहीएक माहीत नाही."

म्हातारा हसला आधी. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे वेगळे झाले. "असं कसं? थंडी वाजते म्हणाली. तिला नेहमीच थंडी वाजायची. बापाला म्हणाली. खिंडीपलीकडच्या."

"मास्तरनं लिहिलं ते. खिंडीपलीकडं पुष्कळ बाप आहेत, म्हणून लिहिलं."

"मग ती मेली नाही?"

"मला ठाऊक नाही, ताता."

"जिवंत आहे?"

"तेही ठाऊक नाही."

वरून राखणदार ओरडला, "दोन्या हिलारिया, वेळ होत आली! घरी नाही का गेलीस?"

म्हाताऱ्यानं हातातली टोपी मातीत टाकली. आणि मग तो चिडला, असा चिडला की हिलारिया मागं सरकली. "कित्येक वर्षं मी झोपलो नाही! दारावर वारा वाजला तरी उठायचो. या आठवड्यात पहिल्यांदा धड रडलो, पहिल्यांदा धड झोपलो. म्हटलं, संपलं, पोरगी आता माझ्या हातचं जेवेल. आणि तू येऊन सांगतेस काहीच ठाऊक नाही? परत तिथंच नेऊन ठेवतेस मला? एकदा मारलीस, आता मरूही देत नाहीस?"

हिलारियानं दोन्ही हात जोडले. ती रडत होती, नाक पुसायचंही भान नव्हतं. "माझं चुकलं, ताता. माझं चुकलं."

"तू सांग! काय करू? ठेवू हे ताट की उचलू?"

"मी नाही सांगणार. एकदा सांगून बसलेय."

घंटेची दोरी करकरली. राखणदार उठून उभा राहिला होता. म्हाताऱ्यानं बाहुलीकडं पाहिलं, गुलाबी गालांकडं. ते ताट तसंच राहिलं असतं तर त्याला झोप लागली असती, रोज, मरेपर्यंत. हिलारियाला ते कळत होतं.

मग त्यानं अंगठ्याचं नख बाहुलीच्या कानापाशी घातलं आणि मातीचा चेहरा हलकेच उचकटला. पाव थोडा फाटला. चेहरा त्यानं फुंकर मारून साफ केला आणि सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवला. बाहुली बिनचेहऱ्याची राहिली.

"हे ताट हिला लागू दे," तो म्हणाला आणि हनुवटीनं आत भिंतीकडं दाखवलं. "चेहरा तिला आहेच. हाक तुझ्या तोंडून आली, पण थंडी तिलाच वाजत असणार. इतक्या वर्षांत तिला कुणी घ्यायला आलं का? हाक मारल्यावर कुणीतरी यायला पाहिजे." हिरवी शाल आणि टोपी मात्र त्यानं परत गाठोड्यात बांधली, गाठ घट्ट मारली. "हे बेनिताचं आहे. तिला लागेल."

घंटा वाजली. आमच्या चर्चची घंटा जरा चिरकी आहे, पण त्या दुपारी ती हिलारियाच्या हाडांत वाजली. दोघांनी मिळून प्रार्थना म्हटली, नाव न घेता, कारण नाव कुणाला माहीत नव्हतं. रिवाजाप्रमाणं म्हाताऱ्यानं प्रार्थनेबद्दल तिला पावाच्या शिडीचा तुकडा मोडून दिला. तिनं तो तिथंच खाल्ला. आठवड्यात पहिला घास खाली गेला.

संध्याकाळी घरी आली तेव्हा फेर्मिना म्हणाली, "येऊन गेला माझा भाऊ. रस्सा आळणी होता म्हणे." हिलारियानं तिला मिठी मारली, आणि नणंद इतकी दचकली की पुढं काही बोललीच नाही.

सण उलटल्यावर मास्तरनं नाटक संध्याकाळपुरतं ठेवलं आणि नाटक आहे हे कळावं म्हणून आधी पत्र्यावर काठी मारायचं कबूल केलं. लोकांचा विश्वास परत यायला मात्र वेळ लागला. लसीच्या दिवशी निम्मे आले, आणि ज्यांची पोरं राहिली त्यांच्या घरी हिलारिया स्वतः चालत गेली. आताही कुणी कुणी निरोप ऐकून विचारतं, "पत्रा वाजला होता का?" ते तिला लागतं, पण ती वाचत राहते.

आणि रोज, बैल-बारसं सगळं झाल्यावर, शेवटचा निरोप तोच असतो. रेडिओ ब्राझीलपर्यंत पोचत नाही, डोंगराच्या पलीकडंच त्याचा घसा बसतो. पण तिकडून येणारी-जाणारी माणसं असतात, आणि खिंडीपलीकडच्या एका घरात रेडिओवरचं काळं फडकं आता काढलेलं आहे. ती सावकाश वाचते, ठासून, दोनदा:

"बेनिता कायिसायाला निरोप, जिथं असेल तिथं. तुझे बाबा कळवतात, तुझी हिरवी शाल घरी आहे. तुझ्या नावानं ताट मांडलेलं नाही. ज्यानं ऐकलं त्यानं पोचवावं."